रोटा पॉझिटिव्ह, पण 'टाइप होत नाही' म्हणजे नेमकं काय?

सायली_वाई
नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिनने हलवावा.

माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. जानेवारीत उलट्या-जुलाबांनी अगदी मलूल झाला होता, सलाईन लावावं लागलं. आता ठणठणीत आहे, त्यामुळे औषधोपचार विचारायला आलेले नाही. दवाखान्यात जुलाबाच्या मुलांचा अभ्यास चालू होता. संमती घेऊन शीचा नमुना नेला होता. त्याचं पत्र आता आलंय: 'रोटाव्हायरस गट ए – पॉझिटिव्ह. जी – टाइप होत नाही. पी[६]. असामान्य स्ट्रेन असण्याची शक्यता, नमुना पुढील जनुकीय तपासणीसाठी राखून ठेवला आहे.'

डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. पण सासूबाईंच्या डोक्यात 'असामान्य' हा शब्द जो बसलाय तो निघत नाही. त्यात आमच्या घरामागे गोठा, दोन म्हशी. शेजारच्या काकूंनी निकाल देऊन टाकला की विषाणू म्हशीकडून आला. रोटाचे तिन्ही डोस वेळेवर दिलेत. मग हे झालं कसं? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

चहाबाज
बाळ खेळतंय ना? मग पत्र फाईलला लावा आणि म्हशीला पेंड घाला. बाकी जाणकार येतीलच. बसतो वाचत.

जेलवाली
सायली, मी बरीच वर्षं जुलाबाच्या विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम केलंय, आता शिकवते. सविस्तर लिहिते, कारण हे पत्र पालकांच्या हातात असं उघडं देऊन मोकळं होणं मला तरी पटत नाही.

रोटाव्हायरसचा जनुकसंच सलग एका धाग्यात नसतो. दुहेरी आरएनएचे अकरा वेगवेगळे तुकडे असतात. त्यातला एक तुकडा व्हीपी७ हे बाहेरच्या कवचाचं प्रथिन बनवतो, त्यावरून 'जी' प्रकार ठरतो. दुसरा व्हीपी४ बनवतो, म्हणजे कवचावरचे काटे, त्यावरून 'पी' प्रकार. आजवर जीचे चाळीसच्या वर आणि पीचे पन्नासच्या वर प्रकार नोंदले गेलेत, पण माणसाच्या मुलांत नेहमी फिरणाऱ्या जोड्या मोजक्याच: जी१पी[८], जी२पी[४], जी३पी[८], जी४पी[८], जी९पी[८] आणि अलीकडे जी१२पी[८]. या यादीबाहेरचं काही दिसलं की प्रयोगशाळा 'असामान्य' म्हणते. आजार जास्त भयंकर होता असा त्याचा अर्थ नाही. ते आमचं यादीतलं वर्गीकरण आहे.

आता 'टाइप होत नाही' कसं येतं ते. नमुन्यातून आरएनए काढायचा, दुहेरी धागा तापवून सुटा करायचा, त्याचा डीएनए बनवायचा आणि व्हीपी७चा जवळजवळ ८८० अक्षरांचा भाग पीसीआरने वाढवायचा, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढायच्या. मग दुसऱ्या फेरीत प्रत्येक प्रकाराचा वेगळा प्रायमर (त्या प्रकाराला जुळून चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) एकाच नळीत टाकायचा. जी१चा प्रायमर चिकटला तर एका लांबीचा पट्टा येतो, जी२चा चिकटला तर दुसऱ्या. जेलवर (तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलीच्या थरावर) लांबी बघून प्रकार लिहायचा. ही पद्धत १९९० च्या सुमारास आली आणि स्वस्त असल्यामुळे जगभर रुजली. तिची गोम अशी की प्रायमर ज्यांच्यासाठी बनवलेत तेच तिला दिसतात. विषाणूने प्रायमर बसतो त्याच जागी दोन-चार अक्षरं बदलली की पट्टा येत नाही. किंवा त्याहून वाईट, चुकीचा येतो. पी[८]च्या बाबतीत हे चांगलंच गाजलं होतं. मूळ प्रायमर नव्या पी[८]ला नीट बसेना, मग २००४ च्या सुमारास त्यात फेरफार करून नवा बनवावा लागला.

म्हणून माझा अनुभव सांगते. 'टाइप होत नाही' म्हणून बाजूला ठेवलेल्या नमुन्यांपैकी बरेचसे सीक्वेन्सिंगला (अक्षर न् अक्षर वाचायला) नेले की नेहमीचेच निघतात. काहींत नमुना नीट थंड न ठेवल्याने आरएनएचा भुगा झालेला असतो. खरोखर वेगळं काही निघतं ते थोड्यांत. ते कधी निघालंच तर प्रयोगशाळेत त्या दिवशी चहा कुणी पाजायचा यावरून भांडणं होतात.

तुझ्या बाळाच्या नमुन्यात पी[६] मिळालाय, म्हणजे आरएनए शाबूत आहे. त्यामुळे जी न मिळण्याचं कारण प्रायमरमध्ये असावं असं मला वाटतं.

निनाद_कर्वेनगर
उत्तम प्रतिसाद! मी बायोइन्फॉर्मॅटिक्सवाला आहे, म्हणून विचारतो. सगळ्यांचं थेट सीक्वेन्सिंगच का करत नाहीत? आता काय एवढं महाग राहिलंय?

जेलवाली
अरे, महाग नाही, पण शेकडो नमुने, माणसं मोजकी. म्हणून पीसीआरने चाळून घ्यायचं आणि न चाळले गेलेले सीक्वेन्सिंगला पाठवायचे. पण ह्या चाळणीचंच दुसरं दुखणं सांगते, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

'जी३पी[८]' असा निकाल आला की सगळे म्हणतात नेहमीचाच आहे आणि फाईल बंद. पण आपण अकरापैकी दोनच तुकडे पाहिलेत. उरलेले नऊ कुणाचे? लग्नघरी दोन घरांची भांडी एकाच मोरीवर घासायला पडली की कुणाचं पातेलं कुणाच्या पिशवीत जातं, तसं एकाच पेशीत दोन रोटाव्हायरस शिरले की अकरा तुकड्यांची अदलाबदल होते. दोन भांड्यांवर कोरलेली नावं वाचून सगळा संच कुणाचा हे ठरवता येत नाही.

म्हणूनच २००८ मध्ये अकराही तुकड्यांना प्रकार देण्याची पद्धत ठरली. व्हीपी७, व्हीपी४, व्हीपी६, व्हीपी१, व्हीपी२, व्हीपी३ आणि मग एनएसपी१ ते एनएसपी५, या क्रमाने जी-पी-आय-आर-सी-एम-ए-एन-टी-ई-एच अशी ओळ लिहितात. माणसांतल्या स्ट्रेनचे दोन मोठे संच आहेत. पहिला 'वा' (Wa) नावाच्या स्ट्रेनसारखा, त्यात जी आणि पी सोडून बाकी सगळीकडे १ येतो: आय१-आर१-सी१ असं. दुसरा 'डीएस-१'सारखा, त्यात सगळीकडे २. तिसरा 'एयू-१'सारखा, तो कमी दिसतो आणि त्याचं नातं मांजरांतल्या विषाणूंशी लागतं. साधारणपणे जी१पी[८] पहिल्या संचात असतो आणि जी२पी[४] दुसऱ्या.

मग २०१३ च्या आसपास जपान आणि ऑस्ट्रेलियात एक जी३पी[८] सापडला. पीसीआरला साधा, सभ्य. आतले नऊ तुकडे मात्र सगळे दुसऱ्या संचातले, आणि व्हीपी७ घोड्यांतल्या जी३च्या जवळचा! त्याला घोड्यासारखा जी३ म्हणतात. पुढे तो इंडोनेशिया, युरोप असा बराच हिंडला. केवळ जी-पी लिहून थांबलेल्या प्रयोगशाळांच्या रजिस्टरात तो 'नेहमीचा' म्हणूनच बसलेला असणार.

निनाद_कर्वेनगर
म्हणजे तुमचा 'असामान्य' हा शिक्का चुकीच्या नमुन्यांवर बसतो आणि खरे असामान्य बिनशिक्क्याचे निघून जातात.

जेलवाली
अगदी तेच मला म्हणायचंय. गंमत म्हणजे तो घोडेवाला जी३ जुन्या जेलवर चटकन दिसला असता. पीसीआरच्या आधी आम्ही आरएनए थेट पॉलिॲक्रिलामाइड जेलवर चालवून चांदीने रंगवायचो. गट एचे अकरा पट्टे ४-२-३-२ अशा घोळक्यांत दिसतात. पहिल्या संचाचा नमुना 'लांब' आणि दुसऱ्याचा 'आखूड', कारण त्यात अकरावा तुकडा लांबीने मोठा असल्याने मागे रेंगाळतो. पीसीआर जी३पी[८] म्हणतंय आणि जेल आखूड दिसतंय, तर काहीतरी पिसलं गेलंय हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. पण ते जेल 'कालबाह्य' म्हणून बऱ्याच ठिकाणी बंद झालं. माझ्या नावाचं रहस्य आता कळलं असेल.

मेलबर्नकर
इथल्या रॉयल चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमध्येच १९७३ साली रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या लहान आतड्याच्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू पहिल्यांदा पाहिला. तोवर हिवाळ्यात वॉर्ड भरून जायचे आणि कारण कळायचं नाही. बिशपबाई २०२२ मध्ये गेल्या. इथले स्ट्रेन आजही नियमित तपासले जातात, घोड्यासारखा जी३ इथे लवकर हाती लागला त्याचं कारण तेच.

सायली_वाई
जेलवाली ताई, खूप खूप आभार. सासूबाईंना भांड्यांचं सांगितलं, त्यांना लगेच पटलं. :) पण मग म्हशीचं काय? आणि लस?

गोठाडॉक्टर
म्हशीची बाजू मांडायला मी आलोच. पशुवैद्य आहे, मराठवाड्यात. वासरांच्या हगवणीत रोटा नेहमीचा पाहुणा. आपल्या देशात गायी-म्हशींच्या वासरांत जी६, जी१० आणि पी[११] हे प्रकार पुन्हा पुन्हा सापडलेत. वासरू जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पातळ पिवळट हगतं, तेव्हाच विषाणू जास्तीत जास्त बाहेर पडतो. मोठी म्हैस बहुधा निर्धास्त असते. तेव्हा सायलीताई, गोठ्यात लहान रेडकू होतं का, हा पहिला प्रश्न. आणि पी[६] हा म्हशीच्या घरचा प्रकार नव्हे. त्याची नाती शोधायची तर डुकरांकडे जावं लागेल.

सायली_वाई
रेडकू नव्हतं हो. दोन्ही म्हशी गाभण नव्हत्या तेव्हा. शेजारच्या काकूंना कळवते.

जेलवाली
गोठाडॉक्टरांशी सहमत. पी[६]चं माणसांतही आता बस्तान आहे. आफ्रिकेत भरपूर, आपल्याकडेही नव्वदच्या दशकात जी९पी[६] बऱ्यापैकी सापडला होता. त्याला म्हशीची गरज नाही.

त्यामागचं एक कारण फार सुरेख आहे. व्हीपी४चं टोक आतड्याच्या पेशीवरच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटतं. ह्या साखळ्या कुठल्या असतील हे आपल्या रक्तगटांशी निगडित जनुकांवर ठरतं. एबीओ गट सर्वांना माहीत असतात, तशीच लुईस नावाची गटपद्धत आणि 'सिक्रेटर' असणं-नसणं, म्हणजे त्या साखळ्या लाळेत आणि आतड्यात उतरतात की नाही. पी[८] आणि पी[४] सिक्रेटर मुलांना जास्त धरतात. नॉन-सिक्रेटर मुलं पी[८]पासून बऱ्यापैकी सुटतात. लुईस-निगेटिव्ह मुलांत पी[६] जास्त दिसतो, हे बुर्किना फासोमधल्या अभ्यासात समोर आलं. आफ्रिकेत लुईस-निगेटिव्ह लोकांचं प्रमाण जास्त आहे, आणि पी[६]ही तिथेच जास्त. म्हणजे एका गावातला 'असामान्य' दुसऱ्या गावातला नेहमीचा असू शकतो.

पी[११] तर नवजात बाळांच्या अर्धवट बनलेल्या साखळ्यांना धरतो. त्यामुळे गुरांचा समजला जाणारा हा प्रकार नवजात अर्भकांच्या वॉर्डांत रमलेला दिसतो. इथून लसीची गोष्ट सुरू होते. ती रात्री लिहिते, आत्ता पेपर तपासायचेत.

चहाबाज
क्लिफहँगर! पुढचा भाग लवकर टाका.

स्पष्टवक्ता_६१
लस, लस आणि लस. तिन्ही डोस घेऊन पोराला सलाईन लागलं, हे इथेच लिहिलंय. उलट लसींमुळेच नवे स्ट्रेन तयार होतायत असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या वेळी तांदळाची पेज आणि डाळिंबाची साल यावर सगळे वाढलो.

जेलवाली
काका, आपल्या वेळी वाढलेले इथे लिहितायत. न वाढलेले लिहू शकत नाहीत. भारतात लस येण्यापूर्वीच्या एका अंदाजानुसार रोटामुळे पाच वर्षांखालची सुमारे ७८,००० मुलं दरवर्षी दगावत होती, आणि दवाखान्यात दाखल होणारी जवळपास पावणेनऊ लाख.

आता गोष्ट. १९८५-८६ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या कक्षात एक रोटाव्हायरस फिरत होता. बाळांना संसर्ग होत होता, जुलाब मात्र नाहीत. बालरोगतज्ज्ञ डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांनी ती बाळं पुढे पाहिली, तर त्यांना नंतर रोटाचे तीव्र जुलाब कमी होत होते. त्या स्ट्रेनचं नाव ११६ई. जनुकं तपासली तर तो जी९पी[११]: दहा तुकडे माणसाचे आणि व्हीपी४चा तुकडा गुरांच्या विषाणूचा. निसर्गानेच भांडी बदलून ठेवली होती. त्याच सुमारास बंगळूरच्या नवजात बाळांत आय३२१ मिळाला, जी१०पी[११]. तो उलटा: बहुतेक तुकडे गुरांचे, एनएसपी१ आणि एनएसपी३ एवढेच माणसाचे. दोन्हींची लस म्हणून चाचणी झाली. आय३२१ने पुरेशी प्रतिकारशक्ती जागवली नाही, तो मागे पडला. ११६ईपासून भारत बायोटेकची रोटाव्हॅक झाली. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळचं वढू अशी तीन ठिकाणं होती, एकूण ६,७९९ बाळं. म्हणजे एका 'असामान्य' स्ट्रेनचीच आपण लस केली.

आता काकांचा मुद्दा. त्या चाचणीत रोटाचे तीव्र जुलाब पहिल्या वर्षात निम्म्याहून थोडे जास्त कमी झाले, साधारण ५६ टक्के. शंभर नाही. त्यामुळे डोस घेतलेल्या काही मुलांना रोटा होणारच, कमी जोराचा आणि कमी जणांना. लसीतला स्ट्रेन जी९पी[११] असूनही जी१पी[८], जी२पी[४] वगैरेंपासून संरक्षण मिळालं, कारण ते केवळ जी आणि पीवर अवलंबून नसतं. सायलीच्या बाळाला पी[६] झाला म्हणून लस 'चुकीची' ठरत नाही.

नवे स्ट्रेन लसीमुळे? प्रकार वर्षागणिक बदलत राहणं हे लसीच्या आधीपासूनचं आहे. जी९ ऐंशीच्या दशकात सापडला आणि नव्वदच्या दशकात जगभर पसरला. जी१२ पहिल्यांदा १९८७ मध्ये फिलिपाइन्समध्ये दिसला आणि पुढच्या दशकांत सगळीकडे गेला. तेव्हा कुठली लस होती? भारतात लस सरकारी कार्यक्रमात २०१६ पासून चार राज्यांत सुरू झाली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये. त्या काळात जी३पी[८] वाढला हे खरं, आणि लसीचा त्यात काही हात आहे का यावर नजर ठेवायलाच हवी. म्हणून तर सायलीच्या बाळाच्या शीचा नमुना कुणीतरी फ्रीजरमध्ये जपून ठेवलाय.

स्पष्टवक्ता_६१
मुद्देसूद आहे. डाळिंबाच्या सालीवर मात्र मी ठाम.

ऋजुता_म
माझी बहीण रेसिडेंट आहे, बालरोग. तिचा एक प्रश्न विचारते: नुकताच डोस घेतलेल्या बाळाच्या शीत लसीचाच विषाणू सापडून गोंधळ होत नाही का?

जेलवाली
होतो की! तिला माझ्यातर्फे शाबासकी सांग. तोंडावाटे दिलेली जिवंत लस आहे, काही दिवस शीतून बाहेर पडते. सहा, दहा किंवा चौदा आठवड्यांच्या बाळाला साध्या कारणाने जुलाब झाले आणि नमुन्यात जी९पी[११] मिळाला, तर तो बहुधा रोटाव्हॅकचाच. सीरमची रोटासील गुरांच्या 'यूके' स्ट्रेनवर बेतलेली पाच प्रकारांची लस आहे, तिच्यात पी[५] येतो. हे ठाऊक नसलेल्याने 'मुलात गुरांचा स्ट्रेन!' म्हणून पेपर लिहायला घेतला तर फजिती. म्हणून फॉर्मवर शेवटच्या डोसची तारीख लिहायची सवय हवी. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फॉर्मवर तो रकाना कोरा असायचा. सायलीचं बाळ अकरा महिन्यांचं, तिथे हा प्रश्न नाही.

निनाद_कर्वेनगर
सीक्वेन्स आल्यावर प्रकार कसा ठरवतात? कट-ऑफ काय?

जेलवाली
प्रत्येक तुकड्याचा वेगळा. व्हीपी७ आणि व्हीपी४साठी न्यूक्लिओटाइड (म्हणजे जनुकातल्या अक्षरांचं) साम्य ८० टक्के, व्हीपी६साठी ८५, एनएसपी५साठी ९१. ओळखीच्या प्रकाराशी त्याहून कमी जुळलं तर वर्गीकरण समितीकडे पाठवायचं, नवा क्रमांक तीच देते. पण क्रमांक मिळाला म्हणजे उगम कळला असं नाही. त्यासाठी वंशवृक्ष काढून तुकडा कुठल्या फांदीवर बसतो ते बघायचं. माणसाच्या फांदीवरचा पी[६] आणि डुकरांच्या फांदीवरचा पी[६], दोन्हींना नाव एकच.

संगमनेरी
थोडं अवांतर. आमच्या वाडीत एकदा मोठ्या माणसांनाच जुलाबाची साथ आली, मुलं ठीक. डॉक्टर म्हणाले रोटाची टेस्ट निगेटिव्ह. मोठ्यांना रोटा होतच नाही का?

जेलवाली
अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. दवाखान्यातली एलायझा टेस्ट गट एचं व्हीपी६ प्रथिन शोधते. गट बी हा रोटाव्हायरसचाच दुसरा गट, तो तिला दिसतच नाही. १९८२-८३ मध्ये चीनमध्ये गट बीने हजारो मोठ्या माणसांना आजारी पाडलं. कोलकात्यात १९९७-९८ मध्ये तो मोठ्यांत सापडला, त्या स्ट्रेनला सीएएल-१ नाव पडलं. नंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने दाखवलं की तसेच विषाणू पश्चिम भारतात १९९३ पासून फिरत होते. तुमच्या वाडीत काय होतं ते सांगता येणार नाही, पटकी, नोरोव्हायरस, दूषित पाण्यातलं बरंच काही असू शकतं. पण 'रोटा निगेटिव्ह' हा निकाल 'गट ए निगेटिव्ह' असा वाचायचा.

ऋजुता_म
बहिणीचा निरोप: स्ट्रेन कुठलाही असो, ओआरएस घोट-घोट, अंगावरचं दूध चालू आणि झिंक १४ दिवस. सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिग्रॅ, त्याखालच्यांना १०. जुलाब थांबले म्हणून झिंक मध्येच सोडू नये. बाळ सुस्त झालं, लघवी कमी झाली, काही पोटात टिकेना, तर लगेच दवाखाना.

चहाबाज
हा प्रतिसाद वर पिन करा.

गोठाडॉक्टर
जेलवाली बाई, एक कामाचं. आमच्या तालुक्यात गोठा आणि घर एकाच भिंतीला. वासरं हगतात त्याच आठवड्यात घरातलं मूलही आजारी, असं पुष्कळदा दिसतं. विद्यापीठातल्या मित्राशी बोललोय, दोन्हींचे नमुने घ्यायचे म्हणतो. कसे घ्यावेत?

जेलवाली
जरूर घ्या, असं जोडीने केलेलं काम कमी आहे. मुलांच्या नमुन्यासाठी आधी नैतिकता समितीची मंजुरी आणि पालकांची लेखी संमती, त्याशिवाय डबीसुद्धा उघडू नका. वासराचा नमुना जमिनीवरून उचलायचा नाही, थेट गुदद्वारातून. वासरू आणि मूल यांना वेगळे हातमोजे, वेगळ्या डब्या, शक्यतो वेगळी माणसं. नाहीतर पीसीआरमध्ये जुळलेला सीक्वेन्स हा तुमच्या हातमोज्यांचा निघेल. बर्फावर आणा, लगेच छोट्या छोट्या कुप्यांत वाटून उणे ७० ला ठेवा. एकच डबी पुन्हा पुन्हा वितळवली की मोठे तुकडे आधी जातात.

आणि आजारी मुलं-वासरंच नकोत, त्याच घरातली ठणठणीतही घ्या. घरातल्या मुलाचा जी१० वासराच्या जी१०शी जुळला तरी व्हीपी७ एकट्यावर निष्कर्ष काढू नका. अकराही तुकडे वाचायचे. सगळे अकरा गुरांच्या फांदीवर असतील तर थेट गोठ्यातून आलेला म्हणा. दोन-तीनच असतील तर ती अदलाबदल कदाचित आधीच कुठेतरी झालेली असेल आणि मुलाला तो दुसऱ्या मुलाकडूनच मिळालेला असेल.

गोठाडॉक्टर
उणे ७० तालुक्याला कुठून आणू? आमच्याकडे वीर्यमात्रांचा द्रवनत्राचा (लिक्विड नायट्रोजनचा) डबा आहे, चालेल?

जेलवाली
तापमानाच्या दृष्टीने पळेल! पण रेतनाच्या मात्रांच्या डब्यात हगवणीचे नमुने ठेवू नका, वेगळा डबा मागा. आणि कुप्या द्रवात बुडवायच्या नाहीत, वरच्या वाफेत ठेवायच्या, नाहीतर काढताना फुटतात. व्यक्तिगत निरोप करते, फॉर्मचा नमुना पाठवते. डोसच्या तारखेचा रकाना सगळ्यात वर आहे.